वळणावरची पैज

आमच्या खाणीवरच्या डंपरवाल्यांची एक पैज होती. घाटाच्या वळणावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की जो आधी दिव्यांचा झोत खाली करील तो हरला. हरलेल्याने दुसऱ्याची गाडी धुवायची. मिशा पिकल्या तरी पोरखेळ सुटला नव्हता. माझा नवरा यात कधीच हरला नव्हता, आणि तेच कौतुक मला रोज कँटीनमध्ये चहा ओतताना ऐकावं लागायचं.

मग लेकीचं लग्न झालं आणि जावईही त्याच खाणीवर डंपर चालवायला लागला. शेरास सव्वाशेर! सासऱ्याला हरवायचंच, असं त्याने मनावर घेतलं.

लेक वजनकाट्यावर कामाला होती. संध्याकाळी सुटली की त्याच घाटाने स्कूटरवर घरी जायची.

"समोरचा झोत डोळ्यांत गेला की तुम्हाला काय दिसतं?" मी नवऱ्याला विचारलं.

"काही नाही. दोन-चार क्षण नुसतं पांढरं."

"आणि त्या पांढऱ्यात आपली पोर असली तर?"

रात्री जेवताना तो म्हणाला, "उद्यापासून मी दिवे खाली करीन."

"आणि जावई? त्यांना मी सांगते."

"खबरदार! जावयाला कुणी असं शिकवतं का? राग धरतील, पोरीला त्रास होईल. मी खाली केले की ते समजतील."

जावई म्हणजे काचेचं भांडं. मी तोंड शिवलं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला नवरा खडी भरून घाट उतरत होता. धूळ मरणाची होती. पुढे कुठेतरी लेकीची स्कूटर. खालून जावयाचा रिकामा डंपर वर येत होता, दिवे पूर्ण वर. नवऱ्याने शब्द पाळला. आपले दिवे खाली केले आणि वाट पाहिली.

समोरचे दिवे खाली आलेच नाहीत.

लेकीच्याही डोळ्यांवर तोच झोत पडला असणार. ती थांबली असणार. नवऱ्याला पांढऱ्याशिवाय काही दिसलं नाही, फक्त चाकाखाली काहीतरी आल्याचं कळलं. त्याने ब्रेक दाबला, पण भरलेली गाडी जागच्या जागी थांबत नाही.

जावई गाडी थांबवून हसत धावत आला. "मामा, हरलात! आज हरलात!" असं ओरडतच आला. नवरा रस्त्यावर बसला होता, लेकीचं डोकं मांडीवर घेऊन.

तेराव्यानंतर जावई घरी आला. दाराशीच उभा राहिला. नवरा उठला, त्याच्यासाठी खुर्ची पुढे केली. "बसा, जावईबापू," म्हणाला. "पाणी आण गं त्यांना."

मी हलले नाही. "हे तुम्हाला अजूनही काही बोलणार नाहीत, म्हणून मी बोलते. समोरच्याने दिवे खाली केले की आपणही करायचे. त्याला हरणं म्हणत नाहीत. एवढंच सांगायचं राहिलं हो आमचं! सांगितलं असतं तर पोर वाचली असती."

जावई खाली मान घालून बसला होता.

"मामी, ती मला रोज सांगायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, बापाची बाजू घेते."

मग नवरा आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी एकेरीत बोलला.

"ऊठ," म्हणाला. "चालता हो."