वाडीवर न पोहोचलेला खांब

मित्रांनो, मी खो-खोचा एक जुना खांब आहे. आज मी अंबरनाथ पश्चिमेला सगुणाबाईंच्या अंगणात उभा आहे आणि मला त्यांची शेळी बांधलेली असते. म्हणून ओळख सांगावी लागते.

बदलापूरच्या डोंगरातल्या एका वाडीजवळ मी सागाचे झाड होतो. वाडीतल्या सखाने मला तोडले, तासले. त्याच झाडातून माझा जोडीदारही निघाला. खेळाडू खांब धरून गर्रकन वळतात, म्हणून सखा आम्हांला काचेने घासत बसायचा. "पोरांच्या हाताला कुसल लागाला नको," म्हणायचा. अंबरनाथच्या सामन्यांसाठी त्याने ही जोडी हौसेने दिली. त्याच पावसाळ्यात तो तापाने गेला.

दिवाळीनंतर सामने सुरू झाले. समितीचे प्रमुख चिंतामणी अण्णा यांनी सर्वांसमक्ष नियम सांगितला. सर्वांत जास्त सामने जिंकणारे दोन संघ अंतिम सामना खेळतील आणि विजेता संघ खांबांची जोडी आपल्या गावी नेईल. ते ऐकून सखाचा मुलगा देऊ माझ्याजवळ आला. बापाच्या हातचे खांब वाडीच्या माळावर रोवायचे, एवढेच त्याच्या मनात होते. मलाही घरी जायचे होते.

भात झोडून झाले की वाडीतली माणसे वीटभट्टीवर जातात. म्हणून देऊच्या संघाने अण्णांच्या परवानगीने आपले सामने संक्रांतीच्या आधीच खेळून घेतले. एकही हरले नाहीत. काय पळायची ती पोरे! अण्णांनीच पाठ थोपटली. "अंतिमला येतूं, अण्णा," असे सांगून देऊ भट्टीवर गेला.

मग एका नव्या कारखान्याचा संघ आला. तो उशिरा आला, पण त्यालाही संधी द्यायची होती. माझ्याशेजारीच समितीची बैठक बसली आणि ठरले की संक्रांतीनंतरचेच सामने धरायचे.

"आणि देऊचा संघ?" पंच कमळाकर म्हणाले.

"कळवू त्यांना," अण्णा म्हणाले. अण्णा दुष्ट नव्हते हो. पण कळवायचे राहून गेले.

अंतिम सामन्याच्या दिवशी देऊ संघासह चालत आला. सगळ्यांच्या अंगावर विटांची लाल धूळ होती. मैदानात दुसरेच संघ उभे होते.

अण्णा मान खाली घालून म्हणाले, "देऊ, नियम बदलला रे. पण सर्वांना सारखाच आहे."

"सारका कसा, अण्णा?" देऊ म्हणाला. "आमी खेललो, जिकलो, मंग तुमी नियम केलात. आधी सांगतात तं आमी भट्टीवर गेलोच नसतो."

देऊ माझ्याजवळ आला, बापाने घासलेल्या जागी हात ठेवला आणि खेळात वळतात तसा एकदा माझ्याभोवती वळला. मग मागे न बघता निघून गेला. वाडीचा संघ पुन्हा कधी आला नाही.

कारखान्याचा संघ जिंकला. पण त्यांना आमचे काय कौतुक? आम्ही गोदामामागे पडून राहिलो. जोडीदार एका होळीत जळाला. मला सगुणाबाईंनी उचलून आणले, त्यांचे उपकारच म्हणायचे.

मित्रांनो, खांबाची काळजी घ्या, पण त्याहून दिल्या शब्दाची घ्या. नियम बदलायचा असेल तर खेळ मांडण्यापूर्वी बदला. माझ्यावर उमटलेला देऊचा लाल हात पहिल्याच पावसात धुऊन गेला. शेळी अंग घासते ना, ती नेमकी त्याच जागी. तेव्हा मला दर वेळी वाटते, देऊ न्यायला आला.