कल बघते, जरा थांब

वाहनाला निदान दोन चाकं हवीत, हे माझं मत मी आशयला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तो माझा मुलगा, इंजिनिअर; मी सरकारी कचेरीत इंग्रजीचं हिंदी आणि हिंदीचं इंग्रजी करता करता निवृत्त झालेली बाई. चाकांच्या बाबतीत माझं कोण ऐकतंय! “आई, पुढचा जमाना एका चाकाचा आहे,” तो म्हणाला. म्हटलं, बाबा रे, तुझे बाबा गेल्यापासून मी एका चाकावरच संसार ओढला, त्यात तुला एवढं काय आवडलं?

पण ऐकेल तर तो माझा मुलगा कसला. त्याने आणि त्याची भागीदार क्षिप्रा त्यागी हिने दिल्लीला लागूनच असलेल्या साहिबाबादला कारखान्यांच्या गर्दीत एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि दोघं विजेवर चालणारी एकचाकी बनवायला लागले. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. स्कूटरला असतं तसं जाड चाक, त्याच्याभोवती खोकं, आणि दोन्ही अंगांना पाय ठेवायच्या दोन पट्ट्या. बसायला जागा नाही, धरायला हँडल नाही. चाक दोन पायांच्या मध्ये घेऊन नुसतं उभं राहायचं. पुढे झुकलं की पुढे जातं, मागे झुकलं की थांबतं. मेट्रोतून उतरायचं, यावर उभं राहून घरी यायचं आणि छत्रीसारखं कोपऱ्यात ठेवून द्यायचं, असं त्या दोघांचं स्वप्न.

गेल्या वर्षी त्यांचं पहिलं चाक जवळच्याच इंदिरापुरमच्या रस्त्यावर धावता धावता बंद पडलं. बॅटरीने दगा दिला. स्कूटर बंद पडली तर ती थांबते. एकचाकी बंद पडली की माणूस पडतो. आशयच्या मांडीचं हाड मोडलं. जुळलं, पण डावा पाय इंचभर आखूड झाला. करोल बागच्या एका बूटवाल्याने डाव्या बुटाला जाड तळ लावून दिला. तो घातला की आशय सरळ दिसतो, काढला की डावा खांदा खाली उतरतो. म्हणून तो घरातही बूट काढेनासा झाला. स्वयंपाकघरात बूट घालून आलेलं मला खपत नाही, पण ते मी चालवून घेतलं. माझ्यापासूनही त्याला लपवावंसं वाटतं, हेच मला फार लागलं होतं.

त्याचे आवडते तपकिरी बूट, अपघाताच्या आधीचे, कपाटावर पडून होते. टाकू द्यायचा नाही आणि घालायचाही नाही.

मग बरा झाल्यावर त्याने जे नवं चाक आखलं, ते या बुटांसाठीच आखलं असं मला वाटतं. त्यात दोन बॅटऱ्या होत्या. एकीने मान टाकली तर दुसरी क्षणात भार उचलायची. आणि पायाखालच्या पट्ट्या स्वतः वरखाली व्हायच्या. “आई, आजवरची सगळी चाकं एकच माणूस डोळ्यांपुढे ठेवून बनवली आहेत,” तो मला समजावत होता. “दोन्ही पाय सारखे, पाठ सरळ. असा माणूस शोधून तर दाखव! माझं चाक आधी माणूस कसा उभा राहतो ते बघेल. जिकडे कमी, तिकडची पट्टी वर उचलेल. मग निघेल.” बोलताना त्याचा चेहरा असा काही उजळला होता की मला आनंदही झाला आणि धडकीही भरली. कारण पुढचं वाक्य मला ठाऊक होतं. “आता मी चालवून बघणार.”

मी नाही म्हटलं नाही. आईने नाही म्हटलं की मुलं हट्टाने तेच करतात. मी फक्त उद्या म्हणत राहिले. आज धुकं आहे, उद्या बघ. आज अमावास्या आहे, उद्या बघ. आज तुझा पाय दुखतोय, चेहऱ्यावर दिसतंय, उद्या बघ. सगळा हिवाळा तसा गेला. चाक क्षिप्रा चालवून बघायची आणि तो बाजूला उभा राहून आकडे लिहायचा.

एके दिवशी क्षिप्रा घरी आली, तो बाहेर गेलाय हे बघून. “आंटी, एक सरप्राइज़ है। मशीन अभी मेरी आवाज़ में बोलती है। जिस दिन आशय पहली बार चढ़ेगा, उस दिन आपकी आवाज़ में बोलेगी। मराठी में।” गोड पोरगी आहे, तिला मी नाही म्हणू शकले नाही. वाक्यं मोजकीच होती. ती हिंदीतून सांगणार, मी मराठीतून फोनमध्ये बोलणार.

आता जन्मभर भाषांतर केलेल्या बाईकडे काम दिल्यावर ती थोडा तरी तोरा मिरवणारच. “झुकाव देख रही हूँ, ज़रा रुकिए,” असं क्षिप्राचं वाक्य होतं. झुकाव कशाला? आपल्याकडे चांगला शब्द आहे. मी म्हटलं, “कल बघते, जरा थांब.” मग “झुकाव समझ गई”चं “कल समजला.” शेवटचं वाक्य होतं, “अब जाइए.” इथे मात्र माझी जीभ अडली. घरातून निघणाऱ्याला आपण ‘जा’ म्हणतो का? मी म्हटलं, “जाऊन ये.” क्षिप्राने विचारलं, “सिर्फ़ ‘जा’ नहीं?” मी म्हटलं, “अकेला ‘जा’ हम नहीं कहते, बेटा.”

फाल्गुनातल्या एका लख्ख सकाळी माझ्याकडचे सगळे उद्या संपले. शेडच्या मागे एक रिकामा सिमेंटचा रस्ता आहे, तिथे आम्ही तिघं गेलो. आशयने हेल्मेट चढवलं, गुडघ्यांना आणि कोपरांना पॅड बांधले. मग पिशवीतून तपकिरी बूट काढले, पायातले पिशवीत टाकले आणि शेडच्या मागच्या पायरीवर बसून ते घातले. उभा राहिला तेव्हा डावा खांदा खाली गेला. माझ्यासमोर. मी दुसरीकडे बघितलं नाही, बघणार नव्हतेच.

तो चाकावर चढला. क्षिप्राने त्याचा दंड धरला होता. चाक गुणगुणलं आणि माझा आवाज आला, “कल बघते, जरा थांब.”

आशय दचकला. मग त्याने पाय खाली टाकला आणि चाक बाजूला ढकललं.

“वा, आई! मशीनमध्ये पण तूच? आणि तिथेसुद्धा तेच? कल! आज नाही, कल बघते!”

मला आधी काही कळेचना. मग लख्ख कळलं. आमच्या घरात अर्धी हिंदी, अर्धी मराठी. ‘यार’ आणि ‘अच्छा’शिवाय वाक्य पुरं होत नाही. दिल्लीत वाढलेल्या मुलाला मराठीतला कल कुठून माहीत असणार? त्याला हिंदीतला कल ऐकू आला, म्हणजे तेच ‘उद्या’, जे मी सगळा हिवाळा म्हणत आले होते.

“यार, तू पण मिली हुई है इनसे?” तो क्षिप्राकडे वळला. ती बिचारी गोंधळून गेली. “मैंने क्या किया? आंटी ने जो बोला, वही डाला है।”

“बस, बिल्कुल बस,” तो म्हणाला. “तुला नकोच आहे ना, मी उभा राहायला? मग सरळ सांग ना. रोज उद्या, उद्या. चलो, राहू दे. नाही चढत मी. घरी जाऊ.”

तो पायरीवर बसून बुटाची नाडी सोडू लागला.

खरं सांगते, मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. नुसतं गप्प राहायचं होतं. काही न करता आजचा दिवस टळत होता, कदाचित सगळेच दिवस. माझा मुलगा दोन्ही पायांनी जमिनीवर राहिला असता. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं होतं. देवाने दोन्ही द्यायचं ठरवलं होतं.

मग त्याने डावा बूट काढला, आणि जाड तळाचा घालायला पिशवीत हात घातला. त्याची मान खाली होती. इतका हरलेला मी त्याला हॉस्पिटलातही बघितला नव्हता.

“ठेव तो पिशवीत,” मी म्हणाले. जरा ओरडलेच. “गाढवा, कल म्हणजे उद्या नव्हे! कल म्हणजे झुकाव. भिंतीला कल असतो, झाडाला असतो. माणूस कुठल्या बाजूला झुकतो, तो त्याचा कल. ते चाक म्हणतंय, तू कसा उभा राहतोस ते बघते. मी म्हणतेय.”

त्याने मान वर केली. “असा शब्द मराठीत आहे?”

“तुझ्या आधीपासून आहे. आईशी मराठीत बोलत जा, म्हणजे कळेल.”

“तो आंटी,” क्षिप्राने हळूच विचारलं, “आज ही है न?”

मी म्हटलं, “हाँ बेटा। आज ही।”

आशयला हसू आलं. डोळे पुसले की घाम पुसला, मला दिसलं नाही. त्याने तपकिरी बूट पुन्हा घातला आणि चढला. “कल बघते, जरा थांब,” चाक म्हणालं. या खेपेला तो थांबला. डाव्या पायाखालची पट्टी हळूहळू वर आली. तिच्याबरोबर खांदाही वर आला. जाड तळाच्या बुटाशिवाय, साध्या बुटांत, माझा मुलगा सरळ उभा होता.

“कल समजला,” माझा आवाज म्हणाला. “जाऊन ये.”

क्षिप्राने दंड सोडला. तो किंचित पुढे झुकला आणि चाक निघालं.

“येतो, आई,” तो म्हणाला. चाकाला म्हणाला की मला, कोण जाणे. “ये,” मी म्हटलं, आणि तो वळणापर्यंत दिसत होता तोवर बघत राहिले.