भावाने बाहेर बसावे

डॉ. मोरेश्वर कायद्याचे प्राध्यापक, आणि वडिलांच्या शेतीत मुलींचा हिस्सा हा त्यांचा हातखंडा विषय. त्यावर कुठे चर्चा झाली आणि त्यांना बोलावलं नाही, असं कधी व्हायचंच नाही. भोपाळच्या समित्या त्यांना विचारून मसुदे करत, वकील त्यांचे लेख कोर्टात वाचून दाखवत, आणि टीव्हीवर तर ते समोरच्याची अशी हजामत करत की तो बिचारा पुन्हा त्या चॅनलकडे फिरकत नसे.

असे हे गृहस्थ सोमवारी सौंसरच्या रजिस्ट्री ऑफिसात आले ते धाकट्या बहिणीची, पंचफुलाची, हक्कसोडीवर सही घ्यायला. वडील गेले, मागे रामाकोन्याची संत्र्याची बाग आणि बागेतलं घर राहिलं. अर्धं मोरेश्वरांचं, अर्धं पंचफुलाचं. तिने आपल्या अर्ध्यावर पाणी सोडलं की सडकेला लागून मोरेश्वरांचा ऐसपैस बंगला उभा राहणार होता. आता याला कुणी ढोंग म्हणेल. पण चर्चा वेगळी आणि घरचं वेगळं, एवढा भेद विद्वान माणसाला करता यायलाच हवा.

पांढुर्ण्याहून त्यांनी तिला स्वतःच्या गाडीतून आणलं होतं. वाटेत जामसांवलीला हनुमानापुढे नारळ फोडला, तिला गरम आलूबोंडा खाऊ घातला. बागेचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

उप-पंजीयक, म्हणजे आपल्याकडची दुय्यम निबंधक, हिमानी ही तरुण मुलगी त्यांना पाहताच ताडकन उठली.

"सर! ट्रेनिंगला तुमचं भाषण ऐकलं होतं मी. तेव्हापासून अगदी तुम्ही सांगितलं तसंच करते."

"छान, छान," मोरेश्वर फुलले.

"तर सर, तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी?"

"भाऊ खोलीत असेल तर ती सही बहिणीची नाही, भावाचीच समजा, असं तुम्हीच म्हणाला होता ना!"

म्हणाले होते खरे. त्यावर टाळ्याही सडकून पडल्या होत्या. मोरेश्वर बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. आपलं भाषण इतकं मन लावून ऐकणाऱ्या लोकांचा त्यांना पहिल्यांदाच मनस्वी राग आला.

बऱ्याच वेळाने पंचफुला बाहेर आली.

"झाली सही?"

"नाही केली. त्या मॅडमनं इचारलं, राजीखुशीनं देऊन राहिल्या का? मी म्हटलं, मले आजपावतर कोणी इचारलंच नाही. तं म्हने, आता मी इचारून राहिली. मंग मी म्हटलं, नाही देत."

मोरेश्वरांनी वाद घालायला तोंड उघडलं, पण जो मुद्दा आठवावा तो त्यांनीच कधीतरी जाहीरपणे सोलून काढलेला. शेवटी नको तेच तोंडातून निघालं.

"फुला, अशानं माहेर तुटते बरं."

हे वाक्य बोलणाऱ्यांची त्यांनी आयुष्यभर टर उडवली होती. आता त्यांचेच कान लाल झाले. लाज वाटली, आणि बंगला गेल्याचं दुःख त्याहून जास्त वाटलं.

पंचफुलाने पदर नीट केला.

"कसं तुटंन? अर्धं माहेर तं आता माह्याच नावानं राहीन. दिवाळीले तूच येजो तिथं, वहिनीले घेऊन. वहिनीले लुगडं नेसवीन, अन् तुले टोपी घालीन."