सातवी आकृती

कर्मचाऱ्यांच्या बाथरूममधल्या दुसऱ्या संडासात, कागदाच्या रोलवरच्या पत्र्याच्या पेटीवर, त्या मंगळवारी तीन वस्तू होत्या. भरलेलं काळं पिस्तूल, एक. अर्ध्या कॉफीचा कागदी पेला, एक. पेपरमिंटचा लाल-पांढरा कागद, चुरगळलेला, एक.

माझ्या आईने तिन्ही वस्तू सापडलेल्या वस्तूंच्या वहीत लिहिल्या. एकोणीस वर्षं ती आमच्या गावच्या शाळेत साफसफाई करत होती आणि एकोणीस वर्षं ती वही तिच्या ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात असायची. त्यात हातमोजे, दातांच्या तारा, एकदा तर जिवंत कासव अशा नोंदी आहेत. सायकल सापडली की ती सांगाड्यावरचा नंबर लिहून ठेवायची. तसाच तिने पिस्तुलावर कोरलेला नंबर लिहिला. शेवटचे आकडे ४१७. मग पिस्तूल टॉवेलमध्ये गुंडाळून ती मुख्याध्यापक ओडम यांच्या ऑफिसात गेली.

आमच्या शाळेत चार शिक्षक शर्टाखाली पिस्तूल बाळगतात. फाटकावर तशी पाटीच आहे. ते चार कोण, हे फक्त ओडम, शाळेचं मंडळ आणि शेरिफ यांना माहीत असतं. हल्ला करणाऱ्याला आधी कोणाला मारायचं ते कळू नये, म्हणून ही गुप्तता. गाव अंदाज बांधतं, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर. पण नाव घेऊन कोणी विचारत नाही. तसं विचारणं मुलांच्या जिवाशी खेळणं मानतात.

शिवाय, संडासात बसायचं तर पट्टा सोडावा लागतो, आणि पट्टा सुटला की पिस्तूल कुठेतरी ठेवावं लागतं. ऐंशी तासांच्या प्रशिक्षणात हे कुठे शिकवत नाहीत.

त्या दुपारी ओडम यांनी चौघांना एकेकटं विचारलं. चौघांनीही आपापलं पिस्तूल कमरेलाच असल्याचं सांगितलं. म्हणजे हे पाचवं. म्हणजे ते बाहेरून आलं. आणि ते ज्या बाईच्या हातात होतं तिनेच आणलं.

"वेल्डा, शाळेत शस्त्र आणणं म्हणजे तुरुंग," ओडम तिला म्हणाले. "तू राजीनामा दे, मी शेरिफला फोन करत नाही. एकोणीस वर्षांची ओळख आहे म्हणून म्हणतोय."

आईने चौतीस किल्ल्या टेबलावर ठेवल्या. वही कोणी मागितली नाही. आता ती हायवेवरच्या मोटेलमध्ये चादरींच्या घड्या घालते. तिला मिस वेल्डा म्हणत मागेमागे फिरणारी मुलं दुकानात दिसली की त्यांच्या आया त्यांना दुसऱ्या रांगेत नेतात.

मी तेव्हा लबकच्या विद्यापीठात रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. पदवी घेतली आणि त्याच शाळेत विज्ञान शिकवायला परत आले. लोक म्हणाले, पोरगी आईसाठी आली. बरोबर होतं ते. फक्त त्यांना वाटलं तसं नाही.

शिक्षकांच्या खोलीत हात टेकायच्या अकरा खुर्च्या आहेत. पहिल्या आठवड्यात मी सगळ्या तपासल्या. एकाच खुर्चीच्या उजव्या दांड्याच्या आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, कमरेला अडकवलेलं काहीतरी कठीण रोज घासल्यासारखं वार्निश जाऊन लाकूड उघडं पडलं होतं. तिथे कोच टॅकेट बसायचे. फुटबॉल संघाचे प्रशिक्षक, इतिहासाचे शिक्षक, मलाही त्यांनीच शिकवलेलं. खिशातून पेपरमिंट काढून पोरांना वाटायचे. मलाही एक दिलं.

"तुझी आई बरी आहे ना गं, पोरी?" ते म्हणाले. "चांगली बाई. वाईट झालं."

"हो सर," मी म्हटलं. पेपरमिंटचा कागद मी जपून ठेवला. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य होती, तसल्या कागदात गुंडाळलेलं पेपरमिंट अर्धं गाव खातं. पण रोज सकाळी टेबलाचा खण उघडला की तो दिसावा, अशी माझी इच्छा होती. राग थंड होऊ द्यायचा नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी स्वतः पिस्तुलाच्या प्रशिक्षणाला नाव दिलं. कागदी लक्ष्यावर अडीचशे गुणांची परीक्षा असते. कोचचे आजवरचे सर्वांत जास्त, २४६. माझे २३९ आले. रोज संध्याकाळी मी मोकळ्या शेतात डबे पाडत होते, आणि प्रत्येक डब्याला मी एकच नाव दिलं होतं.

जुलैत मंडळाने ठराव मांडला की पिस्तूलवाले शिक्षक चारावरून बारा करायचे. व्यायामशाळा भरून गेली. एक बाप म्हणाला, शेरिफला यायला बावीस मिनिटं लागतात, तोवर माझी मुलगी काय पुस्तक फेकून मारेल? एक आजी म्हणाली, या चौघांतला एक मागच्या वर्षी चर्चच्या जेवणात स्वतःची गाडी गटारात घालून आला होता, कोण ते मी सांगत नाही, गुप्तता आहे ना. लोक हसले. दोन्ही बाजू दीड तास बोलल्या आणि कोणाकडेही एक मोजमाप नव्हतं.

मी उठून म्हटलं, आपल्याच शाळेच्या आपल्याच वऱ्हांड्यात करून बघू. पुठ्ठ्याच्या आकृत्या, रंगाचा डाग पाडणारी सरावाची काडतुसं, वाजणारा भोंगा. मग मोजू.

"पोरी, ही काही तुझी बेडकाची चिरफाड नाही," कोच मागून म्हणाले.

"नाही सर. बेडूक आधीच मेलेला असतो. म्हणून तर हात थरथरत नाही."

आता लोक त्यांच्यावर हसले, आणि ते त्यांना सोसलं नाही. ते उभे राहिले. "ठीक आहे. मी करतो. पण मग तूही करायचंस."

दोनशे माणसांसमोर त्यांनी स्वतःच सांगितलं की ते चौघांतले एक आहेत. ओडम यांनी मान खाली घालून समोरचे कागद सारखे केले.

नोंदीचा तक्ता मी तयार केला. नाव, वय, नाडी, शस्त्राची कंपनी, शस्त्राचा नंबर. प्रत्येकाने आपलंच पिस्तूल वापरायचं, फक्त नळी सरावाची. प्रयोगाच्या दिवशी कोचनी पेपरमिंट चघळत सगळे रकाने भरले. नंबराच्या शेवटी त्यांनी ४, १ आणि ७ लिहिलं.

वही माझ्या पिशवीत होती. मी जे शोधायला आले होते ते मिळालं होतं. दोन कागद शेजारी ठेवून मंडळाच्या अध्यक्षा मिसेस शेफर यांच्यासमोर नेले असते तर त्याच क्षणी सगळं संपलं असतं. मी नेले नाहीत. मला त्या माणसाला सगळ्यांसमोर चुकताना पाहायचं होतं. तेही एका विशिष्ट आकृतीवर.

आकृत्या आठ होत्या. सहा विद्यार्थी, एक बंदूकवाला. आणि सातव्या क्रमांकाची, ट्रॉली ढकलणारी साफसफाईची बाई. तिला मी आईचा खरा कोट घातला होता, निळा, खिशावर पांढऱ्या दोऱ्याने 'वेल्डा' नाव शिवलेला. रविवारी चर्चहून आल्यावर मी तो कपाटातून काढत होते, तेव्हा आईने विचारलं, कशाला?

"प्रयोगाला."

"डाग पाडू नकोस त्याला." मग ती म्हणाली, "जो, तू हे माझ्यासाठी करतेयस?"

"हो ममा."

"मग मला एकदा विचारायचं होतंस." आणि तिने तो कोट माझ्या हातातून घेतला, इस्त्री केली, परत दिला.

सूड घेत असले तरी प्रयोगात मी लबाडी केली नाही. आकृत्या चाकांवर होत्या आणि दोऱ्यांनी ओढायला गावच्या अग्निशमन दलाचे लोक होते. कोणती कधी आणि कोणत्या दारातून येणार ते ओडम चिठ्ठ्या काढून ठरवणार होते, प्रत्येकासाठी वेगळं. मलाही ठाऊक नव्हतं. आधी चारशे मीटर धावायचं, मग वऱ्हांड्यात शिरायचं. निम्मे दिवे बंद. सहा काडतुसं, कोचना निळी, मला लाल. लोक वाचनालयात पडद्यावर बघत होते. दुसऱ्या ओळीत आई होती.

धावून आल्यावर कोचची नाडी १५८ होती. भोंगा सुरू झाला. त्यांनी दोन काडतुसं झाडली. मग बाथरूमच्या दारातून ट्रॉली आली, आणि कोच थांबले. पिस्तूल वर, बोट घोड्यापासून दूर, नजर त्या खिशावर. मी मनात सेकंद मोजले. एक, दोन, तीन, चार. तेवढ्यात पलीकडच्या दारातून बंदूकवाला आला आणि त्यांनी उरलेली चारही घाईघाईने झाडली. पडद्यावर एका मुलाच्या पोटावर निळा डाग दिसला. मग दुसऱ्याच्या गळ्यावर. वाचनालयात कोणीतरी श्वास आत ओढला.

मला आनंद झाला. त्याची नोंद करायला हवी. पोटातून वर चढणारा, गरम, वर्षभर वाट पाहिलेला आनंद होता तो.

बाहेर येऊन त्यांनी कानांवरचं आवरण काढलं. चेहरा राखेसारखा होता. "तो कोट तू घालायला नको होतास," ते म्हणाले.

"म्हणजे ओळखलात."

मी वहीचं पान आणि त्यांच्या हस्ताक्षरातला तक्ता त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं. मग पेपरमिंट तोंडातून काढून हातरुमालात ठेवलं.

"दार वाजलं असं वाटलं होतं," ते हळू म्हणाले. "घाईत उठलो. वर्गात गेल्यावर आठवलं. परत आलो तर ते गेलं होतं." मला त्यांच्याकडून आणखी हवं होतं, पण काय हवं होतं ते सांगता आलं नसतं. दोन्ही कागद मी मिसेस शेफर यांच्या हातात दिले आणि धावायला गेले.

माझी नाडी १७१ भरली. त्यात धावण्याचा वाटा किती आणि रागाचा किती, ते वेगळं करता आलं नाही. मी त्याच वऱ्हांड्यात शिरले. भोंगा वाजत होता. मला आठवतं ते एवढंच, की एक दार उघडलं, काहीतरी निळं हललं, आणि माझ्या डोळ्यांसमोर अजून कोचचाच चेहरा होता. मग घोडा रिकामा खटकला. सहाही संपली होती.

निकाल वाचायच्या आधी मिसेस शेफर यांनी वहीतला नंबर वाचला, मग तक्त्यातला. दोनदा. मग ओडम यांच्याकडे वळून विचारलं, की त्या दुपारी ते पिस्तूल त्यांनी परत कोणाला दिलं. ओडम यांनी कोचचं नाव घेतलं. सगळी माणसं मागे वळून आईकडे बघू लागली. कोच उभे राहिले, टोपी हातात घेतली आणि म्हणाले, "मिस वेल्डा, मी खोटं बोललो." आईने मान हलवली, एकदाच, आणि समोर बघत राहिली.

अग्निशमन दलाच्या प्रमुखांनी माझ्या तक्त्यावरून निकाल वाचला.

बंदूकवाला: निळे डाग एक, लाल तीन. विद्यार्थी, सहा मिळून: निळे दोन, लाल शून्य. भिंत आणि कपाटं: निळे तीन, लाल दोन.

आकृती सात, ट्रॉली ढकलणारी बाई: निळे शून्य. लाल एक, खिशावरच्या नावाच्या वर चार सेंटीमीटर. डागाचा व्यास एकवीस मिलिमीटर.