आ कर

“आ कर. हे बघ, बाबाने कसा केला,” म्हणत सलूनवाल्याने स्वतःचाच जबडा एवढा उघडला, की बाकावर पेपर वाचत बसलेले म्हातारे पोस्टमन हसले.

“अरे, तुझ्या खुर्चीत भल्याभल्यांची तोंडं बंद होतात. ही पठ्ठी उघडणार आहे थोडीच!”

सलूनवालाही हसला. मांडीवरच्या पोरीच्या ओठांतून कुस्करलेलं गाजर ओघळून हनुवटीवर आलं होतं. त्याने ते चमच्याने गोळा करून पुन्हा आत सारलं. पोर खोकली. तिला खांद्यावर घेऊन त्याने पाठ चोळली, गादीवर निजवलं आणि म्हणाला, “या काका, बसा. हिचं नंतर बघू.”

दुपारी गिऱ्हाइकं तुरळक, म्हणून भरवायचं काम बापाच्या वाट्याला आलं होतं. बायको बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. बाळंतपणाची रजा संपली, वाढवून घेतलेलीही संपली. ती सकाळी निघताना पाजायची आणि संध्याकाळी आल्याबरोबर पाजायची. मधल्या वेळेला आता वरचं काहीतरी सुरू करायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. सहावा महिना सरला होता. शेजारची पोरं त्या वयात मोठ्यांच्या ताटात हात घालत होती.

संध्याकाळी बायको दारातूनच पोरीला उचलून घ्यायची. पोर अंगावर पिऊ लागली की नवऱ्याकडे बघून म्हणायची, “बघा, भूक आहे तिला. तुमच्या हातालाच चव नाही.”

“मग उद्यापासून तुझे हात घरी ठेवून कामाला जा,” तो म्हणायचा.

गाजर झालं, बटाटा झाला, केळं झालं. सगळं गेलं तसं बाहेर आलं. पोर हाताला हलकी लागू लागली. अंगावर पितानाही मधेच दमून डोळे मिटायची. बायको म्हणायची, झोपाळू आहे, बापावर गेलीय.

सलूनवाल्याच्या हातांना मात्र केव्हाच कळलं होतं. जन्मभर त्याने लोकांची डोकी धरली होती. जाग्या माणसाचं डोकं वळवताना आधी किंचित अडतं, मग वळतं. दाढी करता करता गिऱ्हाईक पेंगलं, की ते अडणं जातं आणि नुसतं वजन तळव्यात येऊन पडतं. त्याची पोर टक्क जागी असायची, त्याच्याकडे बघून हसायची, आणि डोकं मात्र पेंगलेल्या माणसाचं. काही पोरं मान उशिरा धरतात, असं तो स्वतःला बजावत आला होता. मनाने ऐकलं, हातांनी ऐकलं नाही.

सुट्टीच्या दिवशी बायकोने बाह्या सरसावल्या. “द्या इकडे. आज बघतेच कशी खात नाही ते.”

पहिला चमचा बाहेर आला. दुसरा तिने जरा आत, जिभेच्या मागच्या बाजूला ठेवला. या वेळी पोर खोकलीच नाही. तिचे डोळे मोठे झाले, ओठ निळे पडत गेले. सलूनवाल्याने तिला ओढून घेतलं, हातावर पालथं घातलं आणि पाठीवर थापा मारल्या. घास सुटला. बऱ्याच वेळाने बारीक, पिळवटलेला आवाज आला. धड रडण्याइतकंही बळ त्यात नव्हतं.

बायको वाटी धरून तशीच बसली होती.

“मान धरत नाही ती,” ती म्हणाली.

“नाही.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

तो पोरीची पाठ चोळत राहिला.

“मलाही होतं. म्हटलं, तुम्ही काही बोलत नाही, म्हणजे नसेल तसं.”

मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलताना त्यांनी नजर चुकवली नाही. “चोखणं बाळ जन्मतःच घेऊन येतं. घास घोळवून गिळणं शिकावं लागतं. त्याला लागतं तेवढं बळ हिच्या स्नायूंत नाही. आहे तेही हळूहळू जाईल. मग अंगावर पिणंही जमणार नाही.”

“आम्ही वरचं द्यायला उशीर केला का?” बायकोने विचारलं.

“नाही. तुम्ही काहीही केलं असतं तरी हेच झालं असतं.”

बाई हे धीर द्यायला म्हणाल्या होत्या. रिक्षात बायकोने पोरीचं डोकं घरापर्यंत तळव्यावर तोलून धरलं.

पुढे पोरीच्या नाकातून नळी आली. बायको कामावर जातच राहिली. घरी बसून नुसती हिच्याकडे बघत राहिले तर वेड लागेल, म्हणायची. निघण्याआधी ती दूध काढून झाकून ठेवायची. दुपारी सलूनचं दार लोटून सलूनवाला पोरीला मांडीवर घ्यायचा आणि नळी उंच धरून ते थोडं थोडं सोडायचा. पोर त्याच्याकडे बघत राहायची. ओठ हलायचे नाहीत.

दूध संपलं की तो नळीचं टोक बंद करायचा. मग मऊ फडकं ओलं करून तिचे ओठ आणि हनुवटी नीट पुसायचा. तोंडाला काही लागलेलं नसायचं.