काळ्या मुठीचा वस्तरा

गल्लीत तिला सगळे धारवाली म्हणत. कात्री आणा, सुरी आणा, घराच्या पुढच्या खोलीत बसून ती धार लावून देई. पण तिचा खरा जीव जुन्या वस्तऱ्यांत. गंजून गेलेलं पातं हाती आलं की तिला तहानभूक उरत नसे. वडिलांनी सलून बंद केलं आणि त्यांची वस्तऱ्यांची पेटी तिच्याकडे आली, तेव्हा ती हरखून गेली.

"सगळे नीट कर," अप्पा म्हणाले. "तो काळ्या मुठीचा तेवढा राहू दे. अपशकुनी आहे तो."

अपशकुनी का, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या धाकट्या भावाने त्याच वस्तऱ्याने टेलरमास्तरांचा गाल कापला होता. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलेलं. अप्पांनी भरल्या सलूनमध्ये त्याच्या कानाखाली आवाज काढला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "याचा हात थरथरतो. माझ्या खुर्चीपाशी पुन्हा दिसायचं नाही." गल्लीला तेवढं पुरलं. त्याचं नाव पडलं थरथऱ्या. कुणी म्हणालं, पितो. कुणी म्हणालं, लहानपणापासूनच पितो. पुढे ठरलेलं लग्नही मोडलं. आता तो टायरच्या गोदामात टायर उचलायचा, आणि घरी आलाच तर अप्पा झोपलेले बघून यायचा.

नको म्हटलेलं काम आधी करायचं, हा धारवालीचा जुना स्वभाव. तिने काळी मूठच पहिली उचलली. बाकीच्या वस्तऱ्यांवर गंज होता. याच्या पात्यावर मात्र कुणीतरी काळ्या रंगाचा हात मारला होता. पात्याला रंग कोण देतं? तिने तो खरवडला. खाली मधोमध राखाडी ठिपका निघाला. डाख. फुटक्या बादलीच्या बुडाला कथलाचा देतात तसा.

तिने पातं तापवून डाख उतरवला आणि भिंगाखाली धरलं. धारेपासून वर गेलेली केसाएवढी चीर होती, आणि चिरेची एक कड दुसरीपेक्षा किंचित वर उचललेली. तिने धार नखावरून अलगद नेली. अडकली. मऊ गालावर ही कड अडकली तर मोठ्यातल्या मोठ्या कारागिराचाही इलाज नव्हता.

घरातल्या बादल्यांना डाख देणारा माणूस एकच होता, अप्पा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अप्पा खिडकीशी पेपर वाचत बसले होते. तिने वस्तरा त्यांच्या पेपरावरच ठेवला.

"ही चीर कधीची, अप्पा?"

अप्पा चष्मा शोधू लागले. चष्मा नाकावरच होता.

"जुनं पातं आहे. तडकलं असेल."

"आणि डाख आपोआप बसला?"

अप्पांनी खिडकीबाहेर नजर वळवली. मग म्हणाले, "त्या सकाळी माझ्या हातातून निसटला. बेसिनवर आपटला. मला वाटलं, काही झालं नाही. मास्तरांना लागलं, तेव्हा नीट बघितला."

"कधी बघितला? पोराला मारायच्या आधी, की नंतर?"

अप्पांनी चष्मा काढला.

"आधी," अप्पा म्हणाले.

तिला वाटलं, आपण काहीतरी फेकणार. तिने हात पाठीमागे बांधून घेतले.

"घर सलूनवर चाललं होतं," अप्पांचा आवाज चढला. "मोडका वस्तरा चालवतो म्हटल्यावर खुर्चीत कोण बसलं असतं? पोरगा तरुण होता. लोक विसरतात."

"लोक त्याचं खरं नाव विसरलेत, अप्पा. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि तो संन्यासी तुमच्या पोटचा."

वस्तरा उचलून ती तशीच गोदामात गेली. भावाने वस्तरा दारातल्या उजेडात धरला, चिरेवर अंगठा ठेवला.

"अप्पांना माहीत होतं?"

"तेव्हापासून."

त्याने साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, मुकादमाला काही न सांगता तिच्यामागून निघाला. घरी आल्यावर अप्पांपुढे उभा राहून एवढंच म्हणाला, "मास्तरांकडे जायचंय. चला."

अप्पांनी लेकीकडे बघितलं. एरवी अशा वेळी तीच मध्ये पडायची, जाऊ दे रे म्हणायची. आज तिने त्यांच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या.

तिघं दुकानात शिरले तेव्हा टेलरमास्तर मशीनवर वाकले होते. गालावर दाढी न उगवणारा पांढरा पट्टा होता. अप्पा कापडाच्या ताग्याकडे बघत बोलले, अडखळत बोलले, पण सगळं बोलले. मास्तरांचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला.

"याचं लग्न मी मोडलं," मास्तर हळू म्हणाले. "मुलीच्या बापाला मीच जाऊन सांगितलं, पोरगा पितो. हा गाल दाखवून सांगितलं. आणि तुम्ही दर महिन्याला माझे केस कापत होतात. माझ्या मानेवर हात ठेवून. एकदाही तोंड उघडावंसं वाटलं नाही?"

मास्तरांनी दाराकडे बोट दाखवलं.

"निघा माझ्या दुकानातून."

अप्पा बाहेर गेले. मास्तर भावाकडे वळले आणि हात जोडू लागले. भावाने त्यांना थांबवलं.

"मला तुमची माफी नको, मास्तर. तेव्हा जेवढ्या मोठ्याने सांगत होतात ना, तेवढ्याच मोठ्याने हेही सांगा."

मास्तरांनी मान डोलावली. वर बघितलं नाही.

बाहेर पायरीवर अप्पा वाट बघत उभे होते. "सांगितलं ना आता? झालं समाधान?"

"नाही झालं," भाऊ म्हणाला. आवाज चढवला नाही. "होईल असंही वाटत नाही." आणि तो गोदामाच्या रस्त्याला लागला.

धारवालीला वाटलं होतं, एकदा सगळं उघड्यावर आलं की डोकं शांत होईल. झालं नाही. पायरी उतरताना अप्पांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला. तिने घेऊ दिला. म्हातारा माणूस पडला असता. घरापर्यंत ती समोर बघत चालली. दारात त्यांचा हात खांद्यावरून काढून तिने तो चौकटीवर ठेवला.

"ताट वाढून ठेवते," ती म्हणाली. "हाक मारू नका."