कुल्फीच्या डब्यातलं काँक्रीट

पुंजारामने कुल्फीचा डबा घराच्या ओट्यावर आपटून आतला काँक्रीटचा ठोकळा मोकळा केला आणि त्यावर हातोडी मारली. आवाज खणखणीत आला. बदनापूर स्टेशनाबाहेर कुल्फी विकणारे पाशामियाँ कौतुकाने पाहत होते. डबा त्यांचाच होता, रात्रभर भोवती रचलेला बर्फ आणि खडेमीठही त्यांचंच.

“जमली का कुल्फी, सुभेदार?”

“बराबर जमली. बिलकुल दगड.”

पुंजारामची सगळी नोकरी राजस्थानच्या सीमेवर बंकर बांधण्यात गेली. तिथे काँक्रीट उन्हाने तडकेल एवढीच धास्ती असायची. बर्फाशी गाठ कधी पडलीच नाही. आता कारगिलची लढाई थांबून दोन-तीन महिने झाले, तरी तोफा अधूनमधून धडधडतच होत्या. अशात त्याचा मुलगा बद्रीनाथ तिकडे उंचावर बंकरांवर स्लॅब टाकत होता. ओला स्लॅब पेलून धरणाऱ्या फळ्या आणि टेकू तुटपुंजे. एका बंकरचे काढल्याशिवाय पुढचं काम हलेना. टेकू कधी काढू, हे पोराने आपल्याला विचारावं, याचंच म्हाताऱ्याला भारी अप्रूप वाटत होतं. म्हणून तर तिकडची थंडी त्याने डब्यात करून पाहिली होती.

ठोकळा ऑक्टोबरच्या उन्हात तसाच ठेवून तो बायको द्वारकाबाईला घेऊन कमरोद्दीनच्या एसटीडी बूथवर गेला. दर रविवारी पोराचा फोन तिथे यायचा.

“हातोडीनं वाजवून पाह्य,” पुंजाराम फोनवर ओरडून सांगत होता. “आवाज बद्द आला तर थांब.”

“खणखणीत येऊन राह्यला, बाबा.”

“मंग काय! माझाबी तसाच आला. बिनघोर काढ टेकू.”

रिसीव्हर बायकोच्या हातात देऊन तो ताठ मानेने घरी आला. शेजाऱ्यांना दाखवावा म्हणून त्याने ठोकळा उचलला, तर अंगठा आत रुतला. कड ओल्या रेतीसारखी गळून पडली. त्याने हातोडी मारली तेव्हा आवाजच आला नाही. ठोकळा चिखल होऊन पसरला. आत सिमेंट धरलंच नव्हतं, नुसतं पाणी गोठलं होतं. तो तसाच, बरबटलेल्या हातांनी, बूथकडे पळत सुटला.

“लाव! जल्दी लाव बद्रीला!”

“फोन तिकडून येतो, भाऊ,” कमरोद्दीन म्हणाला. “इकडून न्हाई लागत. आता पुढच्या ऐतवारी.”

बाकावर द्वारकाबाई पदराने डोळे पुसत होती, पण चेहरा हसरा होता.

“आत्ताच टेकू काढतो म्हणला. आज समदे त्या नव्या बंकरात शेगडी पेटवून निजणारेत. लई दिवसानं ऊब भेटंल माझ्या लेकराला.”

पुंजारामने रिसीव्हर उचलला आणि नुसताच कानाशी धरून उभा राहिला.